दादाची चार अंडी

"अंडी घालायची त्यांनी आणि पाय मोडायचे आमचे," दोराच्या कडेनं जाणाऱ्या बाई मैत्रिणीला म्हणाल्या. "तीस दिवस वळसा घालतेय मी. एवढ्यात कोंबडीनं पिल्लं काढून त्यांना शहाणंही केलं असतं."

धाकटी त्यांच्यापासून दोन हातांवर गवतात बसून सैल झालेला खुंटा ठोकत होती. तिनं हातोडी खाली ठेवली आणि बाई पुढे जाईपर्यंत मान वर केली नाही. कारण बाईंचं काही चुकत नव्हतं. दोराच्या आत अंडी नव्हतीच. चार दगड होते.

धाकटी म्हणजे काही पोरसवदा नव्हे. एक्कावन्न वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधणारी बाई. पण या राखीव किनाऱ्यावर तिचा थोरला भाऊ मुख्य राखणदार आणि ती त्याच्या हाताखाली, म्हणून भाऊ दादा आणि ती धाकटी, असं सगळा किनाराच म्हणे. ओहोटी लागली की वाहून आलेली जाळी, बाटल्या आणि जोडीदार हरवलेल्या चपला गोळा करायच्या, वाळूच्या टेकड्यांवर माजलेलं परकं तण उपटायचं, लाकडी वाटेच्या कुजलेल्या फळ्या बदलायच्या, खाऱ्या वाऱ्यानं धरलेल्या कुलपाला तेल पाजायचं, ही कामं बारमाही. विणीच्या दिवसांत मात्र एकच काम, चिखल्याची घरटी राखायची. चिखल्या हा मुठीएवढा पक्षी. अंडी घालतो ती उघड्या वाळूत, टाच दाबल्यासारख्या खळग्यात, आणि अंड्यांचा रंग असा की शेजारच्या गारगोटीनंही फसावं. ती ओळखायला नजर लागते. दादाची नजर अशी होती की तो म्हणे चालत्या गाडीतून अंडी मोजायचा. ही गोष्ट दादानं कधी सांगितली नाही, पण कधी खोडलीही नाही.

यंदा विणीच्या पहिल्याच सकाळी दादानं घरटं शोधलं. खुंटे ठोकले, दोर बांधला, लोकांची वाट टेकडीच्या बाजूनं वळवली आणि पाटी लावली, 'आत अंडी आहेत. हळू बोलावे. आईची झोप सावध आहे.' तिसऱ्या दिवशीही आई दिसेना, तेव्हा धाकटीनं दुर्बीण लावली. मग दुर्बीण पुसून पुन्हा लावली. शेवटी दादा जेवायला गेल्यावर दोर ओलांडून आत गेली आणि वाकून पाहिलं. चार गारगोट्या, गोल, ठिपक्यांच्या, मोठ्या देखण्या. एकीला तर शिंपला चिकटलेला.

ती मुकाट्यानं बाहेर आली आणि मागे उमटलेली पावलं पुसून टाकली.

सांगायचं कसं? नियम होता की घरट्यांची मोजणी मुख्य राखणदारानं स्वतःच्या डोळ्यांनी करायची. ज्याला ते जमणार नाही त्याची बदली शहरातल्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर, फायलींच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी होती, पण ती जिन्यात उघडत होती. एकतीस वर्षं किनाऱ्यावर काढलेल्या माणसाला तिथं बसवायचं म्हणजे माशाला कपाटात ठेवण्यातलाच प्रकार.

वहिनीलाही ठाऊक होतं. नोंदवही तीच लिहायची. दादा सांगे आणि ती लिही, कारण काय तर म्हणे त्याचं अक्षर बिघडलंय. एकदा त्याच्यासाठी चहा घेऊन आली असताना तिनंही दोराशी उभं राहून बराच वेळ आत पाहिलं होतं. त्या दिवसापासून नणंद-भावजयींची अळीमिळी गुपचिळी. रोज संध्याकाळी वहिनी लिहायची, 'चार अंडी. पक्षी दिसला नाही.' आणि मग स्वतःच्या मनानं, दया येऊन, 'वारा फार' एवढी भर घालायची. तीस दिवस वारा फारच होता.

हे असंच निभावलं असतं. पण काल धाकटीला खरं घरटं सापडलं. तीन अंडी, उबदार, वर आई बसलेली, आणि तेही नेमकं वळवलेल्या वाटेच्या काठाला, वाटेपासून वीतभर. दादाच्या दगडांना वाचवायला सगळा गाव या अंड्यांच्या उशाशी चालत होता. दोन्ही वाटा बंद करता येत नव्हत्या, एक तरी लोकांना मोकळी ठेवायची असा गावाशी करार होता. म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

तिनं दादाला नव्या घरट्याचं सांगितलं. दादाला आनंद झाला, पण त्यानं न्यायाधीशासारखा निवाडा दिला. आधी आलेल्याचा हक्क आधी. शिवाय इकडे चार, तिकडे तीन. दोर हलणार नाही.

धाकटी म्हणाली की अरे, इकडच्यांना फारच उशीर झालाय.

"तूही दहा दिवस उशिरा आलीस," दादा म्हणाला. "आईनं कुरकुर केली का?"

ती वहिनीकडे गेली. वहिनी फळीवर नवीन खिळे मोजून ठेवत होती. धाकटीनं विचारलं की तुम्ही सांगाल का. वहिनी म्हणाली, भाऊ तुमचा आहे, वन्सं. धाकटी म्हणाली, नवरा तुमचा आहे. मग दोघींनी मिळून खिळे पुन्हा मोजले.

आज सकाळी तपासनीस बाई आल्या. मोठ्या ऑफिसातल्या, कडक, एक नोंद चुकली तरी सही न करणाऱ्या. धाकटीला वाटलं, चला, परस्पर सुटलं, आता या बोलतील आणि आपण फक्त मान खाली घालायची. फक्त एक गोष्ट ती विसरली होती. वीस वर्षांपूर्वी याच बाई इथं शिकायला आल्या होत्या आणि त्यांना आयुष्यातलं पहिलं अंडं दादानं दाखवलं होतं.

बाई दोराशी वाकल्या. वाकलेल्याच राहिल्या. दादा त्यांच्या खांद्याच्या जरा डावीकडे बघत चारही अंड्यांचं कौतुक सांगत होता. बाईंनी मान वळवून धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं समुद्राकडे पाहिलं. वहिनीनं पदराचं टोक पाहिलं.

"रंग," बाई अखेर म्हणाल्या, "रंग छान आलाय."

त्यांनी पेन काढलं, कागदावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. धाकटीला आधी हसू आलं, मग वाटेच्या काठची आई आठवली. ही नोंद एकदा कागदावर चढली की दोर इथेच राहणार आणि तिकडची तीन अंडी आज ना उद्या कुणाच्या तरी टाचेखाली जाणार. तिनं तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात टेकडीच्या बाजूनं एक गृहस्थ खडखडणारी घडीची खुर्ची काखेत मारून आले आणि चांगली जागा शोधत वाट सोडून गवताकडे वळले. आणि चिखल्याची आई ओरडली.

तो आवाज वाऱ्यात विरला. तिघींपैकी एकीलाही काही कळलं नाही. दादाची मान मात्र झटक्यात फिरली. तो निघाला तो सरळ रेषेत, आवाजाच्या रोखानं. मध्ये त्याचाच दोर आला, तो त्यानं पायानं चाचपून ओलांडला. मध्ये त्याचंच घरटं आलं. दादा थांबला तो बरोबर खळग्यात, दोन्ही बुटांसकट.

"खुर्चीवाले," त्यानं हाक मारली, "पाऊल उचलू नका. तुमच्या पायाशीच अंडी आहेत. आता आल्या पावलीच मागे जा. हळू."

गृहस्थांनी खाली पाहिलं, पांढरे पडले आणि खुर्ची छातीशी धरून मागच्या मागे गेले. पंख मोडल्याचं सोंग करत वाळूत लोळणारी आई उठली, दोनदा अंग झाडलं आणि अंड्यांवर जाऊन बसली.

दादा खूश होऊन वळला आणि त्याच्या बुटाखाली करकरलं. त्यानं एक पाय हलवला. पुन्हा करकरलं. मग तो खाली बसला, बोटांनी चाचपून एक उचललं, तळहातावर तोललं. त्याचा अंगठा शिंपल्यावर येऊन थांबला.

तिघी एकदमच बोलू लागल्या.

तपासनीस बाई म्हणाल्या की काही वर्षी कवच जाड असतं, असं कुठंतरी वाचलंय. वहिनी म्हणाली की गारठ्यानं आत घट्ट झाली असतील, वारा फार होता. धाकटी म्हणाली की चिखल्याचं काही सांगता येत नाही, आणि आपण काय म्हणालो हे तिचं तिलाच कळलं नाही.

दादानं दगड पुन्हा खळग्यात ठेवला, होता तसाच, अगदी जपून.

"गप्प बसा गं तिघी," तो म्हणाला. "दगड आहेत हे. दोन वर्षं झाली, मला दिसत नाही."