मावशीने हात वर केला

चूक माझीच होती. पण तिला टाळ्या इतक्या पडल्या की ती चूक आहे हे कळायला मला जरा वेळच लागला.

माझी मावशी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या हिरड्यांचे ठसे डब्यांतून येतात, त्यांत प्लास्टर ओतून साचा तयार होतो, आणि मग मावशी त्या साच्यावर गुलाबी मेण चढवून त्यात एकेक दात बसवते. प्रत्येक दात किंचित वाकडा. "सगळे सरळ रांगेत उभे केले तर हसताना माणूस कवायत करतोय असं वाटतं," ती म्हणते. कारखान्यातली खिडकीजवळची खुर्ची तिची, कारण दाताचा खरा रंग दिव्याखाली कळत नाही, उजेडातच कळतो. चौदा वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं नाही.

सुट्टीत मी मावशीकडे राहायला होते आणि रोज तिच्याबरोबर जाऊन ठसे धुवायचे. (हो, लोकांच्या तोंडातून आलेले. दोन दिवसांनी किळस जाते.) गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात "हजर" म्हणायचे तेसुद्धा बाकाला ऐकू येईल एवढंच. मग बाईंनी मला वक्तृत्व स्पर्धेत ढकललं, विषय होता 'व्यसन: एक सापळा', आणि मी चक्क पहिली आले! तेव्हापासून माझं तोंड बंद झालेलं नाही. कारखान्यात मला सगळे भोंगा म्हणतात.

त्याच आठवड्यात मालकांना एका मोठ्या हॉस्पिटलचं काम मिळायच्या बेतात होतं. हॉस्पिटलची अट अशी की कारखाना नशामुक्त पाहिजे, आणि तसा कार्यक्रम घेतल्याचा फोटो जोडला पाहिजे. मालक हात चोळत आले.

"बाहेरून वक्ता कशाला आणायचा? आपला भोंगा आहे की घरचा!"

मी तर एका पायावर तयार.

जेवणाच्या सुट्टीनंतर सगळी अकरा माणसं स्टुलांवर बसली. कोणाच्या गुडघ्यांवर प्लास्टर, कोणाच्या भुवयांवर. मी सुरू झाले. संसार उद्ध्वस्त केले, तरुणांना दरीत लोटलं, डॉक्टरांचे आकडे फेकले. पॉलिशच्या चाकावर काम करणारे चाकवाले काका सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजल्या की मला अजून हव्या असतात. शाळेतलं भाषण संपलं तरी मी थांबले नाही.

"आज, इथे, या छपराखाली जो कोणी खरं बोलेल," मी हात उंचावून म्हणाले, "त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही! आहे हिंमत? करा हात वर!"

माझा बेत असा होता, की मनात तीन अंक मोजायचे आणि मग विजयी आवाजात समारोप करायचा.

एक. दोन. खिडकीजवळ एक हात वर गेला.

"मी ओढते," मावशी म्हणाली. अमुक दाताचा रंग अमुक, असं सांगते ना, अगदी त्याच आवाजात. "गांजा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, घरी, बाल्कनीत. कामावर कधीच नाही."

पाठांतराची सवय वाईट. तीन म्हटल्याबरोबर माझ्या तोंडून ठरलेलं वाक्य बाहेर पडलंच, "मला खात्री होती, इथे असा एकही हात नाही!"

कोणी हसलं नाही. मालकांनी फोटो काढला होता. बरोब्बर त्याच क्षणी.

घरी जाताना मी मावशीच्या पुढे आडवी चालत होते, म्हणजे तिला माझ्याकडे बघावंच लागेल.

"अगं पण का?"

"तू विचारलंस."

"ते विचारायचं म्हणून विचारलं होतं! भाषणात तसं असतं!"

"मग तसं सांगायचं आधी. आणि नीट चाल, खांबावर आपटशील." थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "केसाला धक्का लागणार नाही म्हणालीस. मला वाटलं, मालकांशी बोलून ठरवलंयस."

बाल्कनीतून येणारा तो वास मी इतके दिवस शेजाऱ्यांच्या कचऱ्याचा समजत होते. मला मावशीचा राग आला होता, आणि माझाही. दोन्ही राग एकमेकांत असे मिसळले होते की नक्की कोणता कोणावर काढायचा तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी मावशीची खुर्ची प्लास्टरवाल्या ताईला दिलेली होती. मावशी माझ्या शेजारी, मोरीपाशी, ठसे धुवायला.

"हॉस्पिटलचं होईपर्यंत," मालक भिंतीकडे बघत म्हणाले. "मग पुढचं बघू."

पुढचं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. मावशीने बाह्या वर केल्या.

मला वाटलं होतं, लोक गांजावरून चिडतील. एकटी ताईच तेवढी त्याच्यावरून चिडली. ती सरळ म्हणाली, "माझा भाऊ ह्याच्याच पायी गेला. मला त्या हातचा चहा नको." पण बाकीचे भलत्याच गोष्टीवरून तापले होते. चाकवाले काका तर चाक थांबवून बोलायला आले.

"ओढायचं तर ओढ बाई, दवंडी कशाला पिटायची? आता एकेकाचं तोंड हुंगतील हे लोक!"

"तुमचं कशाला हुंगतील?" मावशी म्हणाली.

"तेच म्हणतोय! विनाकारण!" असं म्हणून काका तावातावाने परत गेले.

म्हणजे ओढणं चालतं, सांगणं चालत नाही? की ओढणंही चालत नाही आणि सांगणंही नाही? स्पर्धेत बरं असतं, एका बाजूने बोलायचं आणि चार मिनिटांनी घंटा होते. इथे घंटाच होईना.

तिसऱ्या दिवशी ताईने बसवलेली कवळी डॉक्टरांनी परत पाठवली. बरोबर चिठ्ठी होती, 'घोड्यासाठी आहे का?' ताई रडली. मी तडक मालकांच्या खोलीत गेले.

"वचन मी दिलं होतं," मी म्हणाले. "शिक्षा मला करा."

"तुला काय शिक्षा करू? ठसे तर तू आधीच धुतेस," मालक म्हणाले. तसे ते वाईट नाहीत, हीच तर पंचाईत. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. फोटोत मी तोंड वासून उभी, आणि मागे मावशीचा हात ताठ वर. "हा एकच फोटो नीट आलाय. हॉस्पिटलवाले विचारणार, हा हात कसला? तू छान लिहितेस. लिहून दे, की 'पंखा वाढवावा, असं सांगण्यासाठी मी हात वर केला होता.' तिने सही केली, की उद्यापासून खुर्ची तिची."

"आणि मावशी जे म्हणाली त्याचं काय?"

"काय म्हणाली?" मालकांनी विचारलं. इतक्या भोळ्या चेहऱ्याने विचारलं, की क्षणभर मलाही वाटलं, ती काही बोललीच नव्हती.

मी कोरा कागद घेऊन मोरीपाशी आले आणि मावशीला सगळं सांगितलं. ती एक ठसा नळाखाली धरून ऐकत होती.

"हे खोटं आहे ना पण?" मी म्हणाले.

"आहे."

"आणि ओढणं वाईट आहे."

"असेल."

"मग तू सोडणार का?"

"माहीत नाही गं." तिने ठसा उलटा करून झटकला. "परवा तू बोलत होतीस तेव्हा वाटलं होतं, सोडावं. पोरगी बोलतेय त्यात दम आहे. म्हणून तर हात वर गेला. आता तूच हा कागद घेऊन आलीस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मग नको लिहू का?"

मावशी खिडकीकडे बघत राहिली. तिथे ताई मेणाच्या चाकूशी झटत होती.

"लिही," ती म्हणाली. "मला तिथे बसायचंय."

मी लिहिलं. उकाडा किती होता, पंख्याची गती किती कमी होती, सगळं लिहिलं. इतकं पटण्यासारखं झालं की माझीच मला लाज वाटली. मावशीने ओल्या बोटांनी कागद धरून वाचला, "पंख्याचं बरं जमलंय," म्हणाली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी ती परत खुर्चीवर. आणि गंमत बघा, कारखान्यातल्या प्रत्येकाला खरं काय ते ठाऊक होतं आणि तरी प्रत्येकजण सुटल्यासारखा झाला होता! कोणी मुद्दाम म्हणालं, "आज पंखा बरोबर आहे ना बाई?" आणि सगळे खदखदून हसले. मावशीसुद्धा. ताई हसली नाही. पण चहाच्या वेळी तिने एक कप मावशीच्या टेबलाच्या अगदी कडेला ठेवला. मावशीच्या हातचा तिने घेतला नाही, पण तिला दिला. ह्याचा अर्थ काय लावायचा?

दुपारी मी एकटीच ठसे धूत होते, तेव्हा चाकवाले काका हात धुवायला आले. धुऊन झाले तरी उभेच.

"भोंग्या," ते अगदी हळू म्हणाले. "तू त्या दिवशी म्हणालीस, ते अजून चालू आहे का?"

"काय, काका?"

"ते... खरं सांगितलं तर काही होत नाही, ते." त्यांनी हात पँटला पुसले. "माझं खोकल्याचं औषध असतं ना खिशात, ती बाटली. मला खोकला नाहीये गं. सकाळपासून घेतो मी ते. दोन वर्षं झाली." मग ते आणखी हळू म्हणाले, "दुपारचं चाकासमोर डोळा लागतो कधीकधी."

त्यांच्या मागे चाक फिरतच होतं. ते चाक मी रोज बघत होते. मेणातून चाकू जातो तितक्या सहज ते बोटातून जाईल.

हो म्हणावं, असं वाटलं. मग वाटलं, आपण हो म्हणणारे कोण? मागच्या वेळेला म्हटलं, तर मावशी दोन दिवस मोरीपाशी. नाही म्हणावं, तर हे परत जाऊन चाकासमोर बसणार. आणि पंख्यासारखं काहीतरी रचून द्यावं, तर ते मला आता फारच छान जमतं. भीती वाटली ती त्याचीच.

"आधी चाक बंद करा," मी म्हणाले.

काका गेले आणि त्यांनी बटण दाबलं. घरघर कमी होत होत थांबली. कामाच्या वेळात ते चाक थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. सगळ्यांनी माना वळवल्या. मावशीनेही, चिमट्यात दात तसाच धरून.

"काय झालं रे?" आतून मालक ओरडले. "चाक का थांबलं?"

काका माझ्याकडे बघत होते. मी मावशीकडे. मावशीने चिमटा खाली ठेवला आणि खुर्ची मागे सरकवली.