उसना माणूस

खुर्चीचा एक पाय आखूड आहे. त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा.

"खालची ओळ वाचा." बाबा दिवसभर हेच म्हणतात. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे.

लाल झालेली डावी कानपाळी.

टाळ्या वाजवायच्या नाहीत. आभार मानायचे नाहीत.

आई दातांच्या दवाखान्यात फोन घेते. तिच्याशी बोलताना मागे कायम कोणाच्या तरी तोंडात यंत्र घरघरत असतं.

माझ्या खुर्चीवर ओला टॉवेल. रूममेटचा. रोज.

काळ्या खोलीत आरसा नाही.

आता सरळ सांगते.

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचा नाट्य विभाग. लिफ्ट एक मजला आधीच थांबते, पुढे जिना. वर येणाऱ्याची आधीच दमछाक व्हावी, अशी सोय. मग ती खोली. भिंती काळ्या, जमीन काळी, खिडक्यांवर काळं प्लायवूड. जमिनीवर जुन्या नाटकांच्या पांढऱ्या चिकटपट्ट्यांच्या खुणा, त्या कोणी खरवडून काढलेल्या नाहीत. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, "इथे आरसा मिळणार नाही. आरशात बघून तोंड धुता येतं, काम करता येत नाही." आम्ही माना डोलावल्या होत्या. गाढवं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी चाळण लागते. थोडे अभिनयाला, बाकीचे तांत्रिकला. तांत्रिक म्हणजे दिवे, ध्वनी, कपडे, खिळे. तांत्रिकला गेलेल्यांशी सगळे फार प्रेमाने बोलतात. आजाऱ्याशी बोलतात तसं.

बाबांची अट एकच होती. अभिनयाला निवड झाली तर पुढे शीक. नाही झाली तर इथलं नाव काढायचं, घरी यायचं, वाणिज्यला प्रवेश घ्यायचा आणि दुपारी दुकानात बसायचं.

"दिवेच लावायचे तर दुकानात लाव," बाबा म्हणाले. "तिथे निदान दोन माणसं बघतील."

"बाबा, तांत्रिकसुद्धा शिक्षणच असतं."

"मग मी नाही कुठे म्हणतोय? कॉमर्ससुद्धा शिक्षणच असतं."

चाळणीचा प्रयोग एकच, त्याला आमच्याकडे 'उसना माणूस' म्हणतात. एक जिवंत माणूस निवडायचा. सहा आठवडे त्याला बघायचं. त्याला पत्ता लागू द्यायचा नाही, वर्गात कोणालाच सांगायचं नाही. मग काळ्या खोलीत, एका खुर्चीवर, तोंडातून शब्द न काढता त्याला उभं करायचं. त्यानंतर वर्ग तुम्हाला फाडतो. फाडून होईपर्यंत तुम्ही मध्ये उभे राहता आणि बोलत नाही. शेवटी, टीका पोचल्याची पावती म्हणून, फक्त म्हणायचं, "घेतलं." वर्षानुवर्षं हे असंच चालू आहे. आमच्या विभागात वेळेवर सुरू होणारी गोष्ट एकच, फाडणं.

मी माझी रूममेट निवडली.

तिला पडदा म्हणतात. पहिल्या वर्षीच्या नाटकात तिला पडदा ओढायचं काम होतं, आणि ती इतकी गप्प, की काम कुठलं आणि बाई कुठली ते कळेना. मला सुतळी म्हणतात. अंगकाठीवरून. आमच्या वर्गात कोणी डोकं लावून नावं ठेवत नाही.

आमचं भांडण नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. ती माझी बिस्किटं खाऊन रिकामा पुडा नीट बंद करून परत ठेवायची. मी तिचा गजर वाजायच्या आधीच उठून बंद करायचे. असं आमचं चाललेलं.

सुरुवातीला तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. भिंतीकडे बघत बसल्यासारखं. मी निवड बदलणार होते, खालच्या कँटीनवाल्यावर डोळा ठेवला होता. पण मग ती हळूहळू उघडायला लागली. फोनवर बोलताना डावी कानपाळी चोळायची, लाल होईपर्यंत. खुर्चीत बसली की एक पाय खाली दुमडून घ्यायची. बाह्या ओढून तळहातांवर आणायची. कोणी बरं बोललं की आधी नाकाने हसायची, मग तोंडाने. आणि थाप मारायच्या आधी श्वास भरून घ्यायची, पाण्यात उडी मारायच्या आधी घेतात तसा.

मी पुस्तक तोंडासमोर धरून बघत होते. मनात म्हणत होते, बाई, तुझं तुलाही माहीत नाही तू काय काय करतेस. मला सगळं माहीत आहे.

एकदा मी खोलीत शिरले तर ती भिंतीकडे तोंड करून कान चोळत होती. फोन टेबलावर पडलेला. मला वाटलं, काळजीत आहे. मला बरं वाटलं.

(काळी खोली. बाहेर सकाळ असावी. वर्ग गोल करून जमिनीवर. मध्ये ती लंगडी खुर्ची. माझा नंबर पडद्याच्या आधी.)

मी केलं. पाय दुमडला, बाह्या ओढल्या, नसलेला फोन कानाला लावला, श्वास घेतला, पाळी चोळली. नाकाने हसले. एकही क्षण खाली पडला नाही. शेवटी उठून उभी राहिले तेव्हा माझी कानपाळी खरोखर गरम झाली होती.

मग मागून लाउडस्पीकर म्हणाला (तो हळू बोलला तरी जिन्यात ऐकू जातं), "कोण होतं हे?"

"म्हणजे काय कोण होतं," शेजारची म्हणाली. हिला आम्ही काकू म्हणतो, सगळ्यांना सल्ले देते म्हणून. "सुतळीच होती की."

"तेच म्हणतोय. ही हीच होती. उसना माणूस कुठाय?"

"अगं, तू फोनवर अश्शीच करतेस. कँटीनमध्ये तर रोज."

"कान तर सोडतच नाही. एक दिवस हातात येईल."

हशा.

"मेहनत वाचवली गं पोरीने. सहा आठवडे स्वतःला बघितलं."

"आणि स्वतःला करतानासुद्धा थोडं जास्तच केलं."

पुन्हा हशा. मी मध्ये उभी. माझा हात कानाकडे निघाला होता. अर्ध्यावर मला तो दिसला. माझा स्वतःचा हात मी दोन वर्षांत पहिल्यांदा बघत होते. मी तो खाली घेतला, तर बाही तळहातात आली.

मी पडद्याकडे बघितलं. ती मांडी घालून ताठ बसली होती, दोन्ही तळहात गुडघ्यांवर सपाट. कानाला हात नाही, बाह्या मनगटावर. तिच्या अंगावर एकही सवय नव्हती. सगळ्या उतरवून घडी करून ठेवल्यासारख्या.

तेव्हा मला कळलं. तिने मला उसनं घेतलं होतं. आमच्या खोलीत ती सहा आठवडे माझा सराव करत होती, आणि मी तो तिचा स्वभाव समजून उचलला होता. माझंच माझ्याकडून चोरून तिच्याकडून मी परत चोरलं होतं, आणि चोर म्हणून मध्ये उभी होते मीच.

हे सगळं माझ्या तोंडात होतं. पण तोंड उघडायचं नव्हतं.

"उसनं घेतलंस कुणाकडून आणि दिलंस काय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "पुढे."

"घेतलं," मी म्हणाले.

मग पडदा उठली. खुर्चीपाशी जाताना वाकून तिने पायाखालचा पुठ्ठा चाचपला. मी रोज चाचपते. ती अजून बसलीही नव्हती, आणि लाउडस्पीकर म्हणाला, "सुतळी." कोणी हसलं नाही. तिने पाय दुमडला, श्वास घेतला, कान चोळला. तेच, जे मी केलं होतं. पण माझ्या वेळी सगळे माझ्या हातांकडे बघत होते. आता सगळे बघत होते की ही फोनवर कोणाला फसवतेय.

आणि मग तिने एक गोष्ट केली जी तिने खोलीत कधीच केली नव्हती, निदान माझ्यासमोर. नसलेला फोन ठेवला आणि पटकन चारी बाजूंना नजर फिरवली, कोणी बघतंय का म्हणून. कोणी बघत नसावं. तिचा चेहरा उतरला.

मॅडम उभ्या राहिल्या. त्या कधी उभ्या राहत नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात.

तिला कोणी फाडलं नाही. तरी ती म्हणाली, "घेतलं." माझ्याकडे बघून.

(मॅडमची खोली. दार उघडं. अर्धी जागा कपड्यांच्या ट्रंकांनी खाल्लेली. चहाचा कप ट्रंकेवर.)

मी सगळं सांगितलं. धडाधड, एका दमात. की ती माझी नक्कल करत होती आणि मी तिची केली, म्हणून ते तसं दिसलं, यात माझा दोष नाही, मी निरीक्षण चोख केलंय, उलट हाच पुरावा आहे.

मॅडमनी चहा संपवला.

"म्हणजे तू सहा आठवडे, एका खोलीत, तिला अभिनय करताना बघितलंस."

"हो."

"आणि तुला तो अभिनय वाटला नाही."

मी बाही ओढून तळहातावर आणली.

"हे मला माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "मी तिला काठावर ठेवलं होतं, आवाज बारीक आहे तिचा. आता नाही ठेवत." त्यांनी पेन उघडलं. "तुझी नजर मात्र बारीक आहे. जे समोर असतं ते नेमकं टिपतेस. दिव्यांवर अशी माणसं लागतात."

"मॅडम, मला दिवे नकोत."

"तुला काय हवं हे त्या पोरीने आत्ता दाखवलं ना सगळ्यांना. दार ओढून घे जाताना."

"दार तर उघडंच होतं मॅडम."

"म्हणूनच म्हटलं."

बाहेर जिन्यात लाउडस्पीकर उभा होता. सगळं ऐकलेलं. तो खूप प्रेमाने म्हणाला, "चहा घेणार का गं?"

(आमची खोली. दुपार. दोन पलंग, मध्ये टेबल. माझ्या खुर्चीवर टॉवेल.)

"ठरवून केलंस," मी म्हणाले.

"ठरवूनच करायचं असतं," पडदा म्हणाली. ती मोजे जोडीला लावत होती. "तू न ठरवता केलंस का?"

"माझ्यासमोर का सराव केलास? बाहेर जागा नव्हती?"

"चुकलं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तू काहीच म्हणाली नाहीस. मला वाटलं, जमतंय." मग मोज्यांची जोडी बाजूला ठेवून, "तुला खरंच वाटलं मी अशी आहे?"

"मग तू कशी आहेस?"

"तुला कशाला सांगू? तुझा भरवसा काय."

मी तिचा टॉवेल उचलून तिच्या पलंगावर फेकला. तो मोज्यांवर पडला. तिने तो बाजूला केला आणि मोजे पुन्हा जुळवायला घेतले. ना राग, ना काही. मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटत होत्या, आणि त्याच वेळी मी बघत होते की ती रागावत नाही म्हणजे नक्की काय करते. हनुवटी? खांदे? काहीच सापडेना.

फोन वाजला. बाबा. दुकानातला फोन, मागे कोणीतरी अडखळत अक्षरं वाचत होतं.

"काय झालं गं? आज होतं ना तुझं ते?"

माझा हात उठला. मी तो धरून मांडीखाली घातला. दुसरा पाय जमिनीवर ठेवला. बाह्या वर केल्या. पडद्याने मोजे खाली ठेवले होते.

"झालं, बाबा," मी म्हणाले. श्वास न भरता. "अभिनयाला निवड झाली."

पलीकडे क्षणभर फक्त तो अडखळणारा माणूस.

"नक्की?"

"मॅडम उभ्या राहिल्या, बाबा. त्या कधी उभ्या राहत नाहीत."

"बरं. बरं. आईला मी सांगतो. तिला आनंद होईल." मग गिऱ्हाइकाला, "आता खालची ओळ वाचा." आणि फोन ठेवला.

मी फोन टेबलावर ठेवला. चारी बाजूंना बघितलं नाही. गरज नव्हती, ती बघतच होती.

"आवाज चांगला होता," पडदा म्हणाली. "हात फार मेलेला ठेवलास."

"घेतलं," मी म्हणाले.

इथे प्रवेश घेतला त्या दिवशी बाबा मला म्हणाले होते, "तू नाटक शिकतेस याला माझी काही हरकत नाही," आणि ते म्हणताना ते डावी कानपाळी चोळत होते.