यंदा लुगडं नाही

सिनेमा वीस मिनिटांचा होता आणि मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला तो आवडला होता, हे आधी सांगितलं पाहिजे.

हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, रिसालीत, अध्यक्ष पंजाबरावांच्या घरी, भर दुपारी, मोठ्या टीव्हीवर सहा-सात जणांनी तो पाहिला. भागीरथाही होती, कारण सिनेमा तिच्या मुलीने, दामिनीने केला होता. गणेशोत्सवात तो दाखवायचा की नाही, एवढंच ठरायचं होतं.

सिनेमात एक बाई आहे. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, वय साठीला टेकलेलं. ती क्वार्टरच्या दारात बसून तांदूळ पाखडते, उठते, सायकल काढते आणि प्लांटच्या गेटवर जाते. पहारेकरी तिचा गेटपास बघतो. पासवर एका पुरुषाचा फोटो. पहारेकरी फोटोकडे बघतो, तिच्याकडे बघतो आणि आत सोडतो. दुसऱ्या दिवशी फोटोत नुसता खाकी शर्ट असतो, चेहरा नाही. तरी सोडतो. तिसऱ्या दिवशी फोटोत तीच असते, आणि त्या दिवशी मात्र तो तिला अडवतो. ती घरी परतते. दोरीवर वाळत घातलेला ड्यूटीचा शर्ट श्वास घेत असतो. बाई त्याची बटणं लावते, खिशात मूठभर तांदूळ घालते आणि त्याच्या शेजारी बसून राहते.

फार कोणाला कळलं नाही, पण उठून कोणी गेलं नाही. पंजाबरावांच्या पत्नी वंदनाताईंनी दोनदा डोळे पुसले. पडद्यावर नावं यायला लागली तेव्हाच चहा आला, त्यामुळे नावं कोणी वाचली नाहीत.

"बाई मोठी घरंदाज शोधली तू," वंदनाताई दामिनीला म्हणाल्या. "कुठची हाय? हळदीकुंकवाले बोलावू तिले."

पंजाबरावांनी कार्यक्रमपत्रिकेत छापायला बाईचं नाव मागितलं.

"बाबा आहेत ते," दामिनी म्हणाली.

वंदनाताईंनी कप खाली ठेवला आणि मघाशी डोळे पुसलेला रुमाल घडी करून दूर सारला. तो रुमाल भागीरथा पुढे कित्येक दिवस विसरली नाही. मग पंजाबरावांनी घसा साफ केला. सणाचा कार्यक्रम आहे, घरची माणसं, पोरीबाळी येतात, असलं काही दाखवता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. इतर माना हलवत होते. दहा मिनिटांपूर्वी हीच माणसं सिनेमा आधी ठेवायचा की आरतीनंतर, यावर बोलत होती.

भागीरथाला संताप आला तो नकाराचा नव्हे. तिचा नवरा सुखराम बाई होतो हे या माणसांना नवं नव्हतं. गोंदियाकडच्या गावात तो दंडारीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, नाच्या होता, आणि प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये नोकरीला लागल्यापासून, गेली तीस वर्षं, दर गणपतीला मंडळाच्या स्टेजवर तो लुगडं नेसून येत होता. कंबर हलवायची, मुरका मारायचा, लोकांनी शिट्ट्या मारायच्या. शेवटी पंजाबरावांनी माइक हातात घेऊन यायचं, त्याचा पदर ओढायचा आणि म्हणायचं, "काय वं, नवरा कुठं हाय तुहा?" सभागृह लोटपोट. दर वर्षी तोच पदर, तोच विनोद.

ते लुगडं भागीरथाच्या आईचं. काष्टा घालून द्यायची ती भागीरथाच. लग्नानंतर पहिल्यांदा तिने त्याला नेसवलं तेव्हा तो आरशासमोर गप्प उभा राहिला होता, आणि बोलावलं तरी बराच वेळ हलला नव्हता. त्याला काय म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं, विचारावंसंही वाटलं नाही. ती निऱ्या नीट करत राहिली. आरशातली ती बाई स्टेजवर कधी आली नाही. तिला कोणी मागितलंच नव्हतं. दामिनीने मागितलं.

दोन दिवसांनी पंजाबराव स्वतः सेक्टर दहाच्या क्वार्टरवर आले. निवृत्त होईपर्यंत ते सुखरामचे साहेब होते. सुखराम अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीच्या काठावरच बसायचा.

"पिक्चर शहरातल्या लोकांसाठी राहते," ते म्हणाले. "आपल्या लोकांले गंमत पायजे. तू आपली दंडार कर यंदाबी."

भागीरथा दारातूनच बोलली. "वयनींच्या डोळ्याले पानी आलं होतं त्या दिवशी."

"तवा आमाले मालूम नव्हतं ना."

"काय मालूम नव्हतं?"

पंजाबरावांनी सुखरामकडे पाहिलं. सुखराम चपलेकडे पाहत होता.

"मी सांगू काय?" भागीरथा म्हणाली. "खोटी बाई तुमाले चालते. तिले शिट्टी मारता. खरी वाटली म्हनून राग आला तुमाले."

पंजाबराव हसले आणि चहा छान झाल्याचं सांगून उठले. सुखरामने त्यांना होकार दिला होता.

ते गेल्यावर दामिनी हिंदीत बरंच काही बोलली आणि दार आपटून निघून गेली. सुखराम म्हणाला, "हासतेत तं हासू दे. एवढे साल हासले."

"हासू दे," भागीरथा म्हणाली. "मी नाई नेसवत आता."

"कावून?"

"लुगडं माह्या मायचं हाय. तीस साल मीच दिलं ओढाले, हे माही चूक."

तो वाद घालेल असं तिला वाटलं. त्याने घातला नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सुखराम ड्यूटीचा खाकी शर्ट-पँट घालून निघाला. हातात पिशवी होती, आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर सूप नव्हतं. भागीरथा मागून चालत गेली आणि तिसऱ्या रांगेत दामिनीजवळ बसली.

नाव पुकारलं तेव्हा आधीच शिट्ट्या सुरू झाल्या. सुखराम तसाच स्टेजवर आला. मागून कोणी ओरडलं, लुगडं धोब्याकडंच राहिलं का? लोक हसले. तो मांडी घालून खाली बसला, सूप मांडीवर घेतलं आणि पाखडू लागला. सूप रिकामं होतं. मनगट सिनेमातल्यासारखंच वळत होतं. पदर नव्हता, तरी मधूनच हात डोक्यावरचा पदर सारखा करत होता. त्याने एक न दिसणारा खडा वेचला, बाजूला टाकला, पुन्हा पाखडलं. कंबर नाही, मुरका नाही. हसू पुढच्या रांगेतून ओसरलं, मग मागून. वंदनाताई पत्रिका वाचत होत्या. पत्रिका उलटी होती.

शेवटी पंजाबराव माइक घेऊन घाईने वर आले. त्यांनी सवयीने वाक्य सुरू केलं, "काय वं—" आणि हात सुखरामच्या खांद्याकडे नेला. तिथे ओढायला काही नव्हतं. हात हवेतच राहिला. सुखरामने वर पाहिलं. बाईने परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं, आणि सूप थोडं आपल्याकडे ओढून घेतलं.

तेव्हा हसली ती एकटी भागीरथा, आणि मोठ्याने. ती पंजाबरावांना हसली, हे सगळ्यांना कळलं.

सिनेमा काही दाखवला गेला नाही. त्याचा पेनड्राइव्ह दामिनीच्या पिशवीतच परत आला. बाहेर पडताना भागीरथाने सुखरामच्या हातातलं सूप स्वतःकडे घेतलं.

"साहेबाले राग आला असन," तो म्हणाला.

"येऊ दे," ती म्हणाली. "आता त्याची पाळी हाय."