विस्तव नसलेलं घर

कालोजेरो पहाटे गेला. त्याचे डोळे मिटवायच्या आधी त्याची बायको लिबोरिया स्वयंपाकघरात गेली आणि भट्टीखालचा गॅस तिने बंद केला. हनुवटीला फडकं बांधणं, आरशावर चादर टाकणं, खिडकीशी मेणबत्ती लावणं, सगळं त्यानंतर.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. त्यांच्या भट्टीची घरघर आमच्या छतातून रात्रंदिवस झिरपायची, जशी आमची आमच्या खालच्यांकडे. त्या पहाटे ती थांबली आणि त्या शांततेने मला जाग आली. मी नवऱ्याला हलवलं. "उठा, वर काहीतरी झालंय." तो कूस बदलत म्हणाला, "आवाज बंद झाला, हे काय वाईट झालं?" मग तोही उठून बसला.

मी वर गेले तेव्हा लिबोरिया केस मोकळे सोडून बसली होती. तांब्याचं ते भलंमोठं भांडं चुलीवर गार पडत होतं, आणि गार होताना मधूनच कट्‌ कट्‌ वाजत होतं.

"अगाती," ती मला म्हणाली, "तीन दिवस. एवढंच मागणं आहे. तीन दिवस या घरात विस्तव नको."

तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. आम्ही मायदेशातल्या एकाच डोंगरावरच्या गावांतल्या. माणूस गेलेल्या घरात आमच्याकडे चूल पेटत नाही. शेजारणी जेवण घेऊन येतात, घरचे नको नको म्हणतात, आणि शेजारणी त्यांना भरवतात. गेलेला माणूस तीन दिवस घरातच असतो. या खोलीतून त्या खोलीत फिरतो, खुर्च्यांना हात लावतो. चूल विझलेली दिसली की त्याला कळतं, आपल्यामागे या घराचं काही खरं नाही. मग तो निवांत निघतो. पेटलेली दिसली तर समजतो, यांचं आपल्यावाचून चाललंय. तसाच उपाशी, अपमानित जातो, आणि पुन्हा स्वप्नातही येत नाही.

लिबोरियाला मूलबाळ नव्हतं. स्वप्नात यायला दुसरं कुणी नव्हतं तिच्याकडे.

कालोजेरो बर्फवाला होता. शिकागोच्या आमच्या गल्लीतल्या प्रत्येक जिन्यावर त्याच्या खांद्यावरून ठिबकलेलं पाणी सांडलेलं आहे. पाठीवर पोतं, पोत्यावर लादी, आणि वर चढताना ओरडायचा, "दार उघडा गं, हिवाळा आलाय!" भर उन्हाळ्यात ते ऐकून पोरं हसत सुटायची. पुढे छाती गेली. जिना चढताना मध्येच बसायला लागला. तेव्हा वरच्या लोकांनी त्याच्यावर दया केली. वरचे म्हणजे ज्यांचं नाव आम्ही जिन्यातही घेत नाही, ते. सरकारने दारू बंद केली आणि ते मोठे झाले. घराघरांत त्यांनी तांब्याची भांडी पोचवली. साखर त्यांची, मका त्यांचा, यीस्ट त्यांचं, विस्तव आमचा. "बसून करायचं काम आहे," म्हणाले. करणार का, असं कुणी कुणाला विचारलं नाही. एक दिवस जिन्यावरून भांडं वर आलं, त्यामागून आंबवायची पिंपं आली, आणि ते काम तुमचं झालं. त्यातून निघायचं ते आमच्यातलं कुणी तोंडाला लावत नसे. आमची द्राक्षाची वाईन तळघरात असते, जेवणाबरोबर पेलाभर. हे पाणी दुसऱ्या कुणासाठी, दूर कुठेतरी, गात-नाचत पिणाऱ्यांसाठी.

सकाळी गास्पारे आला. रोजच्या फेरीलाच निघाला होता. कुठल्या घरात रसायन किती तयार झालंय, हे बघण्याचं काम त्याच्याकडे होतं. रसायन म्हणजे पिंपातलं ते आंबवलेलं साखरपाणी. दारात पाऊल टाकताच तो थबकला. त्याला आधी भट्टी गार दिसली, मग कालोजेरो.

त्याने हॅट काढली. बाप्तिस्म्याच्या दिवशी कालोजेरोने त्याला हातांवर धरलं होतं. आमच्यात हे नातं रक्ताच्या वरचं. तो गुडघ्यांवर बसला, मेलेल्या हातावर तोंड टेकलं आणि लहान पोरासारखा रडला. ते रडणं खोटं नव्हतं. मी समोर उभी होते.

मग तो उठला आणि हॅट हातात फिरवत राहिला.

"माई," तो लिबोरियाला म्हणाला, "गॅस..."

"तीन दिवस, गास्पारे."

"रसायन तयार आहे, माई. उद्या दुपारी ट्रक येणार."

"येऊ दे. ट्रकवाल्याला सांग, या घरात माणूस मेलाय."

"मला ठाऊक आहे गं! माझी आजी गेली तेव्हा आम्हीही..." त्याने डोळे पुसले. "मी विचारून येतो. त्यांची आईपण आपल्याकडचीच आहे. समजतील ते."

लिबोरियाने त्याच्या गालावरून हात फिरवला. "जा. धर्मबापासाठी एवढं कर."

तो गेला आणि आम्ही थांबलो. जिन्याच्या पलीकडच्या घरातली म्हातारी क्रोचिफिस्सा काठी टेकत आली, मेलेल्याच्या उशाशी बसली आणि तिने सूर धरला. तिच्या गळ्यात आता आवाज उरला नव्हता, पण चाल होती.

*उठा हो धनी आता, ऊन आलं दारावरी*
*बर्फाची गाडी तुमची, उभी एकली वाटेवरी*

लिबोरियाने पुढचं कडवं उचललं.

*गल्लीला गारवा दिला, जिनाजिना चढूनिया*
*गारव्याला ठाव द्या हो, त्यांच्याच घरी सया*

दुपारच्या आधी गास्पारे परतला. त्याच्यामागून दोन माणसं जिन्यावरून फुलं चढवत होती. एवढं मोठं फुलांचं चक्र की जिन्याच्या वळणावर अडकलं. पांढरी, लाल, ऐन जानेवारीत! वर सोनेरी रिबन.

क्रोचिफिस्साने ते काठीने चाचपलं. "आमच्या गावचा बिशप मेला, तेव्हा अर्धी नव्हती. एवढी फुलं पाठवणारे मोठे लोक दिसतात हो. चूल विझवायची परवानगीही पाठवली असेल!"

गास्पारे खाली बघत होता. "पेटी चांदीच्या कड्यांची येतेय. चार घोड्यांची गाडी सांगितलीय. चर्चमधल्या प्रार्थनेला वाजंत्री. सगळं त्यांचं."

"आणि विस्तव?" लिबोरियाने विचारलं.

"मी सांगितलं त्यांना. म्हटलं, माझा धर्मबाप आहे. तर म्हणाले, 'मग पेटी चांगली घे.'"

"विस्तव, गास्पारे."

"तीन दिवसांत रसायन नासेल, म्हणाले. आणि एका घराला सूट दिली तर..." तो अडखळला. "गल्लीत महिन्याला कुणी ना कुणी मरतंच, म्हणाले."

क्रोचिफिस्सा म्हणाली, "खरंच की रे. मरतंच. पुढचा नंबर माझा. मी अगोदर कळवीन हं त्यांना, ट्रक कधी येतो ते बघून."

"आजी, माझ्यावर कशाला..."

"तुझ्यावर नाही रे बाळा. तुझ्या हॅटवर बोलतेय. महाग दिसते."

मी म्हटलं, "भट्टी हलवू. खाली आमच्याकडे आणा." लगेच जीभ चावली. आमच्याकडे आमची होतीच, दुसऱ्या भांड्याला जागा कुठे? आणि गास्पारे तर नुसत्या कल्पनेने पांढरा पडला. कोपऱ्यावरच्या पोलिसाचा हप्ता ठरलेला होता, पण या आठवड्यात बाहेरून नवे लोक आले होते, सरकारी, कुणाकडून काही न घेणारे. ते गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून नाक वर करून वास घेत बसायचे. अशात जिन्यावरून एक घमेलंही खाली उतरायचं नाही, अशी वरून ताकीद होती.

लिबोरिया उठली. नवऱ्याच्या कपाळावरची बट तिने मागे सारली.

"भट्टी हलत नसेल तर हा हलेल," ती म्हणाली. "आयुष्यभर दुसऱ्यांचे जिने चढला. आणखी एक चढेल. अगाती, चूल न पेटलेलं एक घर बघ. कुणाचंही चालेल. तीन दिवस त्याला तिथे ठेवू. फिरायचं तर तिथे फिरेल."

मी आणि शेजारची बेनेदेत्ता निघालो. आधी आमचाच जिना, मग समोरचा, मग कोपऱ्यावरचा. दार उघडायचं, आत ऊब, आणि त्या उबेत तोच आंबूस वास. "ये गं, काय झालं? कालोजेरो? देवा रे!" छातीवर क्रूस, डोळ्यांत पाणी. मग आम्ही कशासाठी आलोय ते सांगितलं की बाई मागे वळून आपल्या स्वयंपाकघराकडे बघायची. पडद्यामागे घरघर चालूच असायची. कुणी नाही म्हणालं नाही. नुसत्या बाजूला होऊन आम्हाला तो पडदा दाखवायच्या. एकीने तर माझा हात धरला. "मागच्या महिन्यात सासूबाई गेल्या तेव्हा आमचीही पेटलेलीच होती. कुणाला बोलले नाही मी. तू पण बोलू नकोस."

गल्ली संपली. मी थंडीत उभी राहून वर बघत होते. एवढ्या खिडक्या आणि प्रत्येकीच्या काचेवर वाफ धरलेली. बेनेदेत्ता रडायला लागली. मला तेवढंही जमेना.

आणि मग समोर दिसली बर्फाची वखार.

कालोजेरोची जुनी वखार. विटांच्या जाड भिंती, लाकडाच्या भुशात रचलेल्या, गोठलेल्या तळ्यातून कापलेल्या बर्फाच्या लाद्या. आता तीही वरच्यांचीच होती, बर्फाखाली त्यांचे दारूचे डबे असत. पण विस्तव तिथे कधीच पेटला नव्हता, पेटणारही नव्हता. गास्पारेने विचारलं तेव्हा होकार लगेच आला. कुणी मोठ्या मनाचा असल्यासारखा आला.

दुपारी कालोजेरोला खाली उतरवलं. जिना अरुंद होता, पेटी उभी करावी लागली, आणि चांदीच्या कड्या भिंतीवर घासत गेल्या. वखारीत दोन लाद्यांवर पेटी ठेवली. लिबोरिया त्याच्याजवळ थोडाच वेळ बसू शकली. तोवर वर गास्पारेने स्वतःच्या हाताने गॅस पेटवला होता, आणि पेटलेली भट्टी सोडून जाता येत नाही. मागल्या गल्लीत एकाचा डोळा लागला आणि भांडं फुटलं. त्या घराच्या खिडक्यांना अजून फळ्या ठोकलेल्या आहेत.

"मी बसते वर," मी म्हटलं. "तू इथे राहा. आमच्याकडे नवरा बघेल."

"तुझा नवरा संध्याकाळी कामावर जाईल. मग दोन्ही तुझ्यावर?" तिने मान हलवली. "माझ्या घरचा विस्तव दुसरीच्या गळ्यात नाही घालायची मी."

तिने पेटीवर हात ठेवला, बर्फावर ठेवतात तसा, सबंध तळवा टेकून. "दार उघडा हो," ती हळूच म्हणाली, "हिवाळा आलाय." आणि घरी गेली.

शेजारणींनी रीत सोडली नाही. प्रत्येकीने काही ना काही आणलं. मी हरभऱ्याचं कढण केलं, बेनेदेत्ताने मॅकरोनी, क्रोचिफिस्साने उकडलेली अंडी. पण द्यायचं कुठे? पातेलं शालीखाली घेऊन मी आधी लिबोरियाकडे गेले. तिने झाकण उघडलंही नाही. "जिथे चूल नाही तिथे ने, अगाती. या घरात तर आच आहे." मग ते सगळं वखारीत गेलं. हातमोजे घालून, भुशावर बसून, आम्ही मेलेल्याच्या घरचं जेवण आम्हीच जेवलो. कढणावर लगेच साय धरली. भरवायला समोर कुणी नव्हतं.

दिवस कलताना मी पुन्हा वर गेले. तिला निदान पाव तरी खाऊ घालावा, म्हणून.

दार ढकललं आणि बर्फासारखं वारं अंगावर आलं. तिने खिडकी सताड उघडली होती. शाल काढून ठेवली होती, पायमोजेही. भट्टीपासून जितकं लांब जाता येईल तितकी लांब, खिडकीच्या चौकटीला पाठ लावून, उघड्या हातांनी ती बसली होती. तळ्यावरचं वारं तिच्या मोकळ्या केसांत शिरत होतं. ओठ निळे पडले होते. डोळे मात्र भांड्यावर.

"आजारी पडशील, ताई."

"इथूनही नीट दिसतं," ती म्हणाली. "काम बरोबर चाललंय. पण अंगाला लागू देत नाही मी. तो आलाच बघायला तर त्याला कळेल. विस्तव त्यांचा आहे. मी त्याच्यासारखीच गार आहे, हे कळेल त्याला."

मी तिचे हात हातात घ्यायला गेले. तिने ते काढून घेतले. माझे हात उबदार होते.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गास्पारे धावत आला होता, हॅट न घालता.

"माई, खिडकी!" त्याला श्वास पुरत नव्हता. "वास खाली कोपऱ्यापर्यंत येतोय. ती सरकारी गाडी तिथेच उभी आहे."

"राहू दे."

"वरच्यांनी मला पाठवलंय. म्हणाले, खिडकी बंद नाही झाली तर... तू नाही माई, तुला ते काही करणार नाहीत. या घराचा जाब मला विचारतील." तो भिंतीला टेकला. "मी गॅस पेटवला, मला माफ करू नकोस. पण एवढी लाव. पाया पडतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. कालोजेरो नेहमी सांगायचा की बाप्तिस्म्याचं पाणी फार गार होतं, पोर हातांवर नुसतं थरथरत होतं. गास्पारे आत्ताही तसाच थरथरत होता, त्या वाऱ्यात, भट्टीच्या इतक्या जवळ उभा असून.

"दार लाव," ती त्याला म्हणाली. "तुला थंडी वाजतेय."

मग ती उठली आणि खिडकी तिने स्वतःच ओढून घेतली. कडी घातली. पुन्हा त्याच जागी, काचेला पाठ लावून बसली. भट्टी घरघरत होती. हळूहळू काचेवर वाफ धरली, गल्लीतल्या सगळ्या काचांवर धरते तशी, आणि पलीकडची वखार दिसेनाशी झाली. खोली भराभर तापत होती. तिने हात काखेत लपवले, मग पाठीमागे घेतले, मग मांडीवर उताणे टाकले. बोटांचा निळेपणा तिच्या डोळ्यांदेखत उतरत गेला, आणि तो थांबवायला तिच्याकडे काहीच नव्हतं.