दहा फुटांची पट्टी

बाइंडरांनी सुनेला स्वतंत्र खोली बांधून द्यायची ठरवली, ती काही हौस म्हणून नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी ती त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसली आणि जुजबंदी, म्हणजे वह्या-पुस्तकांची दोऱ्याची शिलाई, शिकली. मुलाला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. तो दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत रमला. सुनेचा हात मात्र असा बसला, की तिने शिवलेली वही कुठली आणि आपली कुठली, हे बाइंडरांना चष्मा लावूनही सांगता येईना. पण पुढच्या खोलीतल्या दुकानात दोघांची कोपरं एकमेकांना लागायची. एकदा खळीचं भांडं सांडलं ते नेमकं ग्रंथालयाच्या रजिस्टरवर. त्याच दिवशी बाइंडर म्हणाले, घरामागची जागा रिकामीच पडलीय, तिथे तू तुझं मांड.

गवंड्याने फक्की टाकून पाया आखला. चार दिवस कुदळ चालली आणि पाचव्या दिवशी पाणीपुरवठा खात्याची इंजिनिअर बाई फाटकात उभी राहिली. मागच्या तीन घरांचं पाणी कालपासून बंद होतं. त्यांचा पाइप बाइंडरांच्या जमिनीखालून जायचा, तो कुठेतरी फुटला होता, म्हणजे खणावं लागणार होतं. शिवाय खोलीचं काम थांबवायचं होतं, कारण पाइपसाठी वीस फुटांची पट्टी मोकळी हवी. वीस फूट सोडले असते तर उरलेल्या जागेत कपाटही मावलं नसतं.

बाइंडर एरवी मुंगीला वाट देणारा माणूस, पण त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"जागा माझ्या नावावर आहे," ते म्हणाले. "मला विचारल्याशिवाय इथे कुणी कुदळ लावायची नाही."

त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. बाई शांतपणे म्हणाली, कागद घेऊन उद्या येते.

सून मधे पडली नाही. तिने कपाटातून घराच्या कागदांची फाइल काढली. निळ्या कापडात ती बाइंडरांनीच बांधली होती, पण ते बांधतात, वाचत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत ती एकेक पान वाचत बसली. बाइंडर तिच्याकडे पाठ करून पुठ्ठे कापत राहिले आणि त्या दिवशी तीन पुठ्ठे वाकडे कापले.

सकाळी सुईणआजी बादली घेऊन दारात आली. ती मागच्या तीन घरांतल्या शेवटच्या घरात राहायची. बाइंडरांचा मुलगा तिच्याच हातांवर जन्मला होता. तिने कुलपाचा विषय काढला नाही, बादलीभर पाणी मागितलं, एवढंच. बाइंडरांनी बादली भरली आणि स्वतःच उचलली. वाटेत म्हातारी दोनदा दम खायला थांबली.

"पाइप टाकायचा होता तेव्हा तुझ्या आईला विचारायला मीच आले होते," ती म्हणाली. "तू तेव्हा परगावी काम शिकत होतास. मी म्हटलं, बाळंतिणीला अंघोळ घालायची तर चार गल्ल्या पलीकडून पाणी आणावं लागतं. तिने मला पुरतं विचारूही दिलं नाही. म्हणाली, जमिनीखालून जाणार ना, मग माझं काय जातं?"

बादली तिच्या ओट्यावर ठेवून बाइंडर परत आले आणि आधी कुलूप काढलं. मग सुनेसमोर बसले आणि म्हणाले, वाच.

करारनामा दीड पानांचा होता, खाली आईची सही. पाइप टाकायला आणि दुरुस्तीसाठी यायला-जायला खात्याला कायमचा हक्क, त्या पट्टीवर बांधकाम नाही, आणि खणलेली जमीन खात्याने होती तशी करून द्यायची.

"बाबा, हक्क त्यांचाही आहे नि तुमचाही," सून म्हणाली. "पण त्यांचा दहा फुटांचा आहे, कुंपणापासून. वीस कुठेच नाही."

इंजिनिअर बाई आली तेव्हा फाटक सताड उघडं होतं. तिने करारनामा दोनदा वाचला, कचेरीत फोन लावला, आणि बराच वेळ ऐकून घेतल्यावर कबूल केलं, की वीस फुटांचा नियम नव्या मोठ्या पाइपांचा होता. नकाशावर तो सरसकट छापला गेला होता. सुनेने टेपचं एक टोक धरलं, बाईने दुसरं. कुंपणापासून दहा फुटांवर खूण केली. पायाचे तीन फूट त्या पट्टीत येत होते.

ते तीन फूट बाइंडरांनी स्वतः फावडं घेऊन बुजवले. गवंडी नको नको म्हणत राहिला.

"खोली अरुंद झाली गं," ते घाम पुसत म्हणाले.

"शिलाईला लांबी लागते, रुंदी नाही," सून म्हणाली.

हे अर्धंच खरं होतं. दाबयंत्राला रुंदी लागते, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. दाबयंत्र पुढच्या खोलीतच राहील, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं.

पाइप दोन दिवसांत जोडला गेला. मजुरांनी माती चोपून सपाट केली, आणि कुंपणापलीकडे नळाखाली भांडी वाजू लागली.

भिंती कमरेएवढ्या आल्या तेव्हा दाराचा प्रश्न निघाला. बाइंडरांच्या मते दार मागे हवं, म्हणजे तिला गिऱ्हाइकांची कटकट नको. सुनेला ते दुकानाच्या बाजूला हवं होतं.

"अडलं तर हाक मारता येईल," ती म्हणाली.

तुझं आता काय अडणार, असं बाइंडर पुटपुटले. पण गवंड्याला त्यांनी दार ती म्हणेल तिथेच ठेवायला सांगितलं, आणि जरा रुंद ठेव म्हणाले.