हंड्यातला अठरावा घेवडा

मी तीन पायांचा लोखंडी हंडा बोलतोय. काळा आहे, जड आहे, आणि मला एक गोष्ट ठाऊक आहे जी आजवर कोणाला सांगता आली नाही.

इंग्लंडातल्या एका भट्टीत मी जन्मलो. टॅमझिनच्या आईने लेकीला माझ्यासकट व्हर्जिनियाच्या जहाजावर बसवलं. प्रवासाच्या बदल्यात तिथे पाच वर्षं राबायचं, असा करार होता.

व्हर्जिनियात जिकडेतिकडे तंबाखू. मालकाची जमीन एवढी अफाट, की शेजारच्या घराचा धूरही दिसत नसे. तोच न्यायाधीश, तोच चर्चचा कारभारी. त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं घालायचं तेही त्याच्याचपुढे. टॅमझिनने त्याला न विचारता लग्न केलं, म्हणून तिची आणखी दोन वर्षं वाढली. नवरा तापाने गेला. शेजारच्या ओळीत आफ्रिकेतून आणलेली मारिया राबायची. तिला तर सुटकेची तारीखच नव्हती. सात वर्षं भरून टॅमझिन निघाली तेव्हा मारियाने मान वर करून पाहिलंही नाही.

आम्ही उत्तरेला आलो, मॅसॅच्युसेट्समध्ये, तिच्या मावशीच्या गावी. हिवाळ्यात मावशी वारली.

इथे सगळंच निराळं. लहान लहान शेतं, खेटून घरं, मधोमध प्रार्थनाघर, आणि कारभार गावातले पुरुष सभा भरवून स्वतःच करायचे. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण परक्याला गावात ठेवायचं की नाही, हेही सभाच ठरवी. ठेवलं, तर त्याला गायरानात एक गाय सोडायचा हक्क मिळे. तिथे जाऊ देत नव्हते, इथे राहू देईनात.

आमचा शेजारी जोएल हॅटन. त्याची बायको आणि तिन्ही पोरं गोवराने आडवी झाली, तेव्हा टॅमझिनने तीन आठवडे माझ्यात त्यांच्यासाठी लापशी शिजवली.

"ताई, तुम्ही घोर कशाला लावून घेता? मी आहे ना," जोएल म्हणायचा. "भीती आहे ती त्या डीकन बार्स्टोची. चर्चमधला एवढा मोठा माणूस, पण तोंडात कधी गोड शब्द नाही."

डीकनने तर तिला तोंडावरच विचारलं होतं, "व्हर्जिनियाची ना तुम्ही? एखादं स्तोत्र तरी येतं का?"

"एक येतं."

"एकच? बरं. काहीच न येण्यापेक्षा बरं."

सभेला मतं टाकायला भांडं हवं होतं. टॅमझिनने मला घासूनपुसून हौसेने दिलं. बायकांना मत नव्हतं, ती दाराबाहेर थांबली. बंद मूठ आत घालायची. मक्याचा दाणा म्हणजे राहू द्या, घेवड्याचं बी म्हणजे घालवा. कोणी काय टाकलं ते वर कोणाला दिसत नसे. खाली मात्र मी होतो.

डीकनची सुरकुतलेली मूठ आली. मका! मला खरंच वाटेना. मग जोएलची आली. माझ्यातली लापशी काढताना भाजलेला तो अंगठा मी लगेच ओळखला. घेवडा. त्याला गायरानात आणखी एक गाय नको होती.

सतरा मके, अठरा घेवडे.

आठ दिवसांत तिला गाव सोडायचं होतं. "त्या बार्स्टोला देवच बघून घेईल," ती रडत म्हणाली. मला पाठीवर घेऊन चालणं तिला झेपणारं नव्हतं. तिने मला जोएलच्या हातात दिलं. "गावात तुम्ही एकटेच माझे होतात. पोरांना लापशी करून घाला."

"माणसं वाईट हो, ताई," जोएल जमिनीकडे बघत म्हणाला. आणि त्याने मला घेतलं.

तेव्हापासून मी त्याच्या चुलीवर आहे. माझा एक पाय मोडला, खाली दगड लावलाय. जोएल जेवताना माझ्याकडे पाठ करून बसतो. टॅमझिनचं पुढे काय झालं, कोणी सांगत नाही.

तुम्हाला ती कुठे भेटलीच, तर एवढंच सांगा, डीकनला शाप देऊ नकोस, त्याने मका टाकला होता. दुसरं नाव मात्र सांगू नका. त्या गावात एक माणूस तरी आपलं होतं, असं तिला वाटू द्या.