कुलरच्या वाऱ्यातली मेणबत्ती

मी मेणबत्ती बोलतेय. वाढदिवसाच्या केकवर खोचतात ती काडी नव्हे. चांगली जाडजूड, खांबासारखी, उचलायला दोन्ही हात लागतात अशी. मी पेटले तेव्हा माझा मधाळ वास वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतून निघून पार केळझरच्या गणपतीपर्यंत गेला होता. असं मी म्हणते, तुम्ही अर्धं धरा. आमच्या घरात तशी रीतच आहे. रूपराव पाहुण्यांपुढे काही सांगायला लागले की त्यांची बायको आनंदाबाई आतून म्हणायच्या, "यायचं बोलणं अर्धंच खरं धरजा हो."

रूपराव अल्लीपूरचे शेतकरी. वावर मक्त्याने देऊन दोघं पिपरी मेघेत राहायला आली आणि आनंदाबाईंचे हात रिकामे झाले. मग त्या मेणबत्त्या करू लागल्या. साचा म्हणजे वावरातल्या जुन्या स्प्रिंकलरच्या पाइपाचा तुकडा. आधी तो हरभऱ्याला पाणी पाजायचा, आता आम्हाला आकार देऊ लागला.

मेण कोणतं घ्यायचं, यावरून मात्र घरात रोज खडाजंगी. बाजारचं पांढरं पॅराफिन आनंदाबाईंच्या सवयीचं. पण सोयाबीनचंही मेण निघतं असं रूपरावांनी कुठेतरी ऐकलं, आणि त्यांची छाती फुगली. जन्मभर ज्यानं सोयाबीन पेरलं त्याच्या घरी दुसरं मेण येईलच कसं?

"आपल्या वावरातला माल हाये. तो कायले वाकन?"

सोयाचं मेण मऊ. काचेच्या पेल्यात ते सुखानं राहतं. उघड्यावर ताठ उभं राहणं त्याच्या अंगात नाही. चैत्रात माझ्या बहिणींची रांग फळीवर लागली आणि एकेक झुकू लागली. एक तर इतकी लवली की तिची वात तिच्याच पायाला टेकली. हेही अर्धंच धरा.

"पाहा, तुमचं सोयाबीन झोपलं," आनंदाबाई म्हणाल्या.

"झोपलं नाई, नमस्कार करून राह्यलं. तुले मानते ते."

त्या हसता हसता खालीच बसल्या.

मी तेव्हा डब्यात होते. अल्लीपूरच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, कडुनिंब आहे, त्याला लागलेल्या मोहोळाचं मी मेण. आनंदाबाईंनी मला उकळून, गाळून तुपाच्या जुन्या डब्यात जपलं होतं. टाचेच्या भेगांना बोटभर, शिवायच्या दोऱ्याला नखभर. जास्त कुणी मागितलं की म्हणायच्या, "ते राहू द्या, कामाचं हाये." काम कोणतं, ते कधी बोलल्या नाहीत.

मग नवतपा आला, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. वर्ध्यात या दिवसांत कुलरशिवाय दुपार निघत नाही. पण ओतलेल्या मेणाला एका अंगानं गार वारा लागला की ते तडकतं, म्हणून ओतायच्या वेळी आनंदाबाई कुलर बंद ठेवायच्या. लग्नाची एक ऑर्डर होती. रूपराव केळझरला गेले होते. दुपारी त्यांचा फोन आला.

"कुलर लावला का व?"

"लावला जी. तुम्ही जेवले का?"

ते त्यांनी पूर्ण धरलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा आनंदाबाई गॅसच्या ओट्याखाली पडलेल्या होत्या. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले. ओट्यावर मेणबत्त्या ओळीनं उभ्या होत्या. एकही तडकली नव्हती.

ओटा हॉलच्याच कोपऱ्यात. जिथे त्या गेल्या तिथे रूपरावांनी तेलाचा दिवा लावला. दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नसतो. समोरच खिडकीत कुलर. रूपराव दिव्याशेजारी बसले आणि कुलरच्या बटनाला कुणाला हात लावू देईनात.

लेक वर्षाली हिंगणघाटहून आली होती. "बाबा, कुलर लावू द्या ना. अंग पाहा तुमचं, तव्यासारखं झालं."

"दिवा इझते."

तिनं दिव्यावर काचेची चिमणी ठेवली आणि बापाचं न ऐकता बटन दाबून पाहिलं. कुलरचा ओला वारा लागला आणि काच तडकली.

"राहू दे, बाई," रूपराव म्हणाले. "तिले नोयता कुलर, मले काऊन पाहिजे?"

तेव्हा वर्षालीला कळलं की अडलंय ते नुसत्या दिव्यापाशी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रूपरावांचे ओठ कोरडे पडले, बोलता बोलता जीभ अडखळू लागली. दवाखान्यात चला म्हटलं तर दिव्यापासून हलेनात. या उन्हानं तिची माय नेली होती, आता ते बापाजवळ येऊन बसलं होतं.

वाऱ्यातही विझणार नाही अशी ज्योत हवी होती, म्हणून तिनं आईचे मेणाचे डबे काढले. नवीन मेण आलं की आनंदाबाई त्याची परीक्षा घ्यायच्या. स्टीलच्या ताटलीत खडा ठेवायचा, ताटली पोर्चच्या सावलीत ठेवायची, आणि दुपार काढतो का ते पाहायचं. वर्षालीनं तिघांना शेजारी बसवलं. सोयानं आधी अंग टाकलं. पॅराफिनला घाम सुटला, बोटानं दाबलं तर ते वाकलं. मी मात्र तिथेच, होते तशी.

"माय, याच्यासाठीच ठेवलं होतं का व?" ती ताटलीशीच बोलली.

तिनं मला वितळवलं, आणि सुताची लडी बापापुढे ठेवली. "बाबा, वात वळा. बारीक वळजा."

"एवढ्या जाड खांबाले बारीक वात? मधोमधच जळन, विहीर पडन. तुही माय असली मेणबत्ती मोडून परत पातेल्यात टाके."

"विहीरच पाहिजे, बाबा. जोत खाली उतरन, कडा उभ्या राह्यतीन. वारा वरून जाईन."

रूपरावांचे जन्मभर दोर वळलेले हात हळूच पुढे आले. ज्या खोडीपायी माझ्या बहिणी मोडल्या गेल्या, तीच त्यांनी माझ्यात मुद्दाम घातली.

शेजारच्या अनुसयाबाई दारातूनच म्हणाल्या, "मयतीच्या दिव्याले मेण नाई चालत वो. तेलच लागते."

"मेण आनंदाच्या हातचं हाये," रूपराव म्हणाले. "तिले चालते."

विझण्याआधी दिव्यानं मला पेटवलं. ज्योत माझ्यात चांगली खोल उतरेपर्यंत वर्षाली थांबली. मग तिनं बटन दाबलं. असा वारा आला की भिंतीवरचं कॅलेंडर थेट शेगावला निघालं. अर्धं धरा. ज्योत लवली, माझ्या कडेला टेकली आणि पुन्हा सरळ झाली. तो वारा रूपरावांच्या तोंडावर लागला, आणि इतके दिवस कोरडे बसलेले रूपराव रडू लागले. रडता रडता त्यांनी लेकीच्या हातचं पाणी मागून घेतलं.

माझी वात दहाव्याआधीच संपत आली. तेव्हा वर्षालीनं माझ्याच पोटात तेलाची चिमुकली वाटी ठेवली आणि तिची वात माझ्या शेवटच्या ज्योतीवर लावली. अनुसयाबाईंचंही समाधान झालं. दहाव्याला बाकी सारं पवनारला धाम नदीत गेलं. मला रूपरावांनी जाऊ दिलं नाही.

आता मी फळीवर असते. आत पोकळ, वरून काजळी. माझ्यात जळण्यासारखं काही उरलेलं नाही. तुम्ही घरी मेणबत्त्या करत असाल तर सोया पेल्यात ओता, मधमाश्यांचं मेण खांबाला ठेवा. तडकली तर तडकू द्या, पुन्हा वितळते. आणि घरात कुणी बाई "मी बरी आहे" म्हणाली, तर फोनवरच विश्वास ठेवू नका. उठून जा, बघून या.

रोज दुपारी रूपराव कुलर लावतात. मग मला खाली उतरवतात, नाकाशी नेतात, वास घेतात, आणि माझ्या पोकळीत तोंड घालून हळूच सांगतात,

"आनंदा, कुलर लावला व. पूर्ण धरजो."